मागचा बाक

वरच्या कोर्टाच्या न्यायमूर्ती बाई तपासणीला येणार म्हणून आमच्या तालुका कोर्टात आठवडाभर झाडझूड चालली होती. मी तिथली कारकून. रजिस्टरं रचून उभी होते. बाईंनी ती पाहिली, आणि आमच्या न्यायाधीश साहेबांनी कामकाज सुरू केल्यावर त्या सरळ मागच्या बाकावर, पक्षकारांमध्ये जाऊन बसल्या. काही लागलं तर म्हणून मीही त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले.

शेजारच्या आजींना त्यांनी हळूच विचारलं, "आत्ता साहेब काय म्हणाले हो?"

"काय ठाऊक बाई! ह्या पंख्याच्या खडखडीत काय ऐकू येतंय? वकील बाहेर सांगतील तारीख."

"किती वर्षं येताय?"

"नात पाळण्यात होती तेव्हापासून. आता कॉलेजात जाते."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं साहेबांच्या हाताच्या अंतरावर बसून मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणून ते सगळ्यांनाच येतं असं मी धरून चालले होते. आपल्या घरातसुद्धा अधूनमधून कुणीतरी बाहेरचं येऊन असं मागे बसायला हवं.

बाई साहेबांच्या कानावर हे घालून गेल्या. पंखा अजून खडखडतो, पण साहेब आता प्रत्येक तारखेनंतर मान वर करून विचारतात, "मागे ऐकू आलं का?" पहिले काही दिवस प्रश्न आपल्याला आहे हेच कुणाला खरं वाटेना.

काल आजी उठून उभ्या राहिल्या. "आलं साहेब. पण जरा जवळची तारीख द्या की."

साहेबांनी लिहिलेली तारीख खोडली.