दोन चमचे आंबील

ही गोष्ट सांगायची मी पन्नास वर्षं टाळली. गावात अजूनही वैनीचं नाव निघालं की "सासूला उपाशी मारली" म्हणतात. ते वाक्य पहिल्यांदा मी उच्चारलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात कंधारच्या स्टँडवर आई मला सोडायला आली. मी नांदेडला कॉलेजात चाललो होतो. "पोटभर खात जा, बाबा," एवढंच म्हणाली. घरी थोरला भाऊ, वैनी आणि त्यांची दोन लेकरं. भाऊ-वैनी दुष्काळी कामावर खडी फोडत. आई आपली भाकर गुपचूप नातवंडांना देई, हे मला ठाऊक नव्हतं.

काही महिन्यांनी परतलो तर आईचा नुसता सापळा उरलेला. वैनी तिला रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची पातळ आंबील पाजत होती. दोन चमचे, मग थांबायचं, मग पुन्हा दोन. मी पिशवीतून रवा, साखर, ग्लुकोजचा पुडा काढला.

"भावजी, एकदम नका देऊ. आतडी वाळलीत त्यांची."

"तुम्ही चमच्यानं मोजता म्हणून तर ही गत झाली."

मी आईला शिरा भरवला. तिनं अजून मागितला. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली आणि ती गेली. दारात जमलेल्या बायांसमोर मी वैनीकडे बोट केलं. गावानं तोंड फिरवलं, तसे भाऊ-वैनी लातूरला डाळ मिलमध्ये कामाला गेले.

मी हैदराबादच्या लॅबमध्ये लागलो. फॉस्फोरिलेशन हाच विषय. पेशीत साखर शिरली की आधी तिला फॉस्फेट जोडलं जातं. त्याशिवाय ती पुढे वापरता येत नाही. हृदयाचा ठोका एटीपी नावाच्या ज्या इंधनावर चालतो, त्यालाही फॉस्फेटच लागतं. उपाशी देहात त्याचा साठा आटलेला असतो. तिथे एकदम साखर ओतली की पेशी रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट ओढून घेतात. मग हृदय आणि श्वासाचे स्नायू थकतात. भुकेला माणूस भरल्या पोटी मरतो. म्हणून आधी थोडं थोडंच द्यायचं असतं. हे एका लेखात वाचलं त्या दिवशी मी लॅबमधून उठून बाहेर जाऊन बसलो.

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली मी तो लेख बॅगेत घालून वैनीकडे गेलो. तिनं भाकर वाढली. मी मान खाली घालून भराभर गिळत होतो.

"हळू खावा, भावजी. कुणी हिसकून घेत न्हाई."

लेख बॅगेतच राहिला. पुढेही दर खेपेला राहिला. गेल्या वर्षी वैनी गेली.

हैदराबादेत माझा फ्लॅट आहे, कंधारजवळ पडकी जागा आहे. पण घर म्हटलं की मला आईच्या उशाशी आंबिलीची वाटी घेऊन बसलेली वैनीच दिसते. तिच्यापुढे बसून म्हणायचं होतं: वैनी, तुमचं बरोबर होतं. आईला मी मारलं, आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा.