कलघटगीला गेलेली गाडी

अण्णांची कात्री मापावर कधी थांबलीच नाही. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्यांच्या दुकानात मीटरभर कापड मागितलं की वर दोन बोटं जास्त मिळायचीच. गिऱ्हाइकाला घरी जाऊन कमी पडायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मी शिक्षिका, त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे.

दुकान मुलाकडे सोपवून अण्णा तळघरात उतरले ते तिथलेच झाले. कापडाचे गठ्ठे हलवून त्यांनी फळ्यांवर छोट्या आगगाडीसाठी हुबळी मांडली, मग धारवाड, मग अळणावर. डोंगर जुन्या चादरींचे, तळी आरशाच्या तुकड्यांची. म्हातारपणी खेळणी सुचली म्हणून मी चिडवायचे. पण कोऱ्या कापडाच्या वासात, त्या पिवळट उजेडात बसलं की बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, याचा मलाच विसर पडायचा.

काचबिंदूने अण्णांची नजर कडेकडेने विझत चालली होती. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अण्णांना गाडीची एक पुरी फेरी डोळ्यांनी बघायची होती.

शेवटचा रूळ जोडायच्या दिवशी त्यांच्या बायकोला, अक्कांना, आम्ही हात धरून खाली आणलं. पण रुळांची दोन टोकं जुळण्याऐवजी एकमेकांच्या शेजारून पुढे निघून गेली. प्रत्येक तुकडा कापताना अण्णांच्या हातून दोन बोटं जास्त सुटली होती. अण्णा मटकन स्टुलावर बसले. सगळं उखडून पुन्हा मापायचं, तर तेवढे दिवस त्यांच्या डोळ्यांपाशी नव्हते.

अक्कांनी जास्तीच्या रुळावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "उखडता कशाला हो? जास्तीचं आहे ते आमच्या कलघटगीवरनं फिरवा की. तिकडं कुठं गाडी जाते अजून."

कलघटगी त्यांचं माहेर. जन्मभर त्या बसनेच गेल्या होत्या.

"हौदल्ला, खरंच की," अण्णा हसून म्हणाले, "मला कसं सुचलं नाही?"

आणखी एक फळी आली, रूळ बाहेरून वळले, टाचण्यांच्या रिकाम्या डबीचं स्टेशन झालं. संध्याकाळी गाडी कलघटगीला थांबून हुबळीला परत आली. अण्णा वाकून तिच्याबरोबर चालत राहिले. मला रडू आलं.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला खाली गेले तेव्हा अण्णांना काहीच दिसत नव्हतं. गाडीची एक फेरी झाली, मी उठले.

"बाई, एक फेरी जास्तीची बघून जावा," ते म्हणाले.

मी बसले. गाडी निघाली. अण्णा फळीवर तळहात ठेवून ऐकत होते. नव्या वळणावर चाकांचा आवाज बदलला, तसे ते शेजारी डुलक्या घेणाऱ्या अक्कांकडे वळले.

"उठ गं. तुझं गाव आलं."