एका वेळी एकच माणूस

कॉम्प्युटरच्या पडद्यावर अटींची ती लांबलचक चौकट उघडली, की तुमचा-माझा हात आपोआप ‘मान्य आहे’वर जातो. आमच्या भाईंचा हात मात्र माऊसवरून उठायचा. खुर्ची पुढे ओढून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ते म्हणायचे, “वाचूया तरी. लिवणाऱ्यान लिवलां कित्याक मगे?”

आणि खरोखरच वाचायचे. ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

तुये औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. भाई तिथले कॉम्प्युटर सांभाळत, मी साच्यांची ड्रॉइंग काढते. पेडण्याहून आम्ही एकाच बसने यायचो. एकदा बसमध्ये मी विचारलं, “भाई, वाचायची एवढी हौस कुठून आली?”

“माझ्या बापाशीक वाचूक येय नव्हतां,” ते म्हणाले. “तो आंगठो मारी. माका येतां.” एवढंच. मग खिडकीबाहेर बघत बसले.

या वाचनाचा फायदा होत असेल असं तुम्हाला वाटेल. छे! कँटीनचा मिक्सर जळला तेव्हा दुकानदार आपण होऊन नवा द्यायला तयार होता. भाईंनी गॅरंटीचा कागद त्याच्यासमोर धरला. “हयसर ‘घरगुती वापरासाठी’ म्हणान लिवलां. आमचां कँटीन असा.” दुकानदाराने आनंदाने मिक्सर परत कपाटात ठेवला. कँटीनच्या मावशींनी पुढचा आठवडाभर नारळाची चटणी पाट्यावर वाटली आणि भाईंच्या बशीत पाव तेवढा दिला, भाजी नाही.

खरी गंमत झाली ती ड्रॉइंगच्या प्रोग्रामवरून. तो महागडा प्रोग्राम आमच्याकडे एकाच कॉम्प्युटरवर होता आणि ड्रॉइंग काढणारे आम्ही तिघे. मी आणि आणखी एकजण तुयेला, तिसरा आमच्याच डिचोलीच्या शेडमध्ये. मॅनेजरसाहेबांनी युक्ती काढली. प्रोग्राम तिथेच राहू द्या, आपण आपापल्या टेबलावरून त्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायचं आणि त्याचा पडदा इथे बघत काम करायचं. “प्रोग्राम एकच आहे ना? आपण तो फक्त लांबून वापरतोय.”

भाईंनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन म्हणाले, “साहेब, प्रोग्राम खंय बसयलो तां विकणारे बघनत नाय. माणूस खंय बसलो तां बघतत. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जो कोण उघडतलो, तेका सोताचो परवानो होयो.”

“कुणालाच लांबून चालत नाही?”

“एकट्याक चलता. परवानो जेच्या नावार असा तेका.”

“कुणाच्या नावावर आहे?”

“तुमच्या.”

साहेबांना झाकणाचा साधा गोलसुद्धा काढता येत नव्हता. संपूर्ण कारखान्यात घरबसल्या ड्रॉइंग काढायचा हक्क त्यांना एकट्यालाच होता, हे कळल्यावर आम्ही केबिनबाहेर तोंडावर हात दाबून उभे होतो. भाई मात्र गंभीरपणे विचारत होते, “मगे, सुरू करतात साहेब?”

नियमात नाव बदलायची सोय होती. परवाना माझ्या नावावर झाला. “आतां तुका खंयसूनय उघडूक जातां,” भाई मला म्हणाले. “पण तुकाच. वाचलंस मगे?”

“वाचलं,” मी म्हटलं. मी वाचलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात डिचोलीच्या सहकाऱ्याचं काम तुंबलं. त्याने फोनवर माझा पासवर्ड मागितला आणि मी दिला. कुणाला कळणार होतं? पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी मी चहाचा कप घेऊन भाईंच्या टेबलापाशी गप्पा मारत उभी होते. भाई पडद्यावर प्रोग्राम कोण कुठून उघडतंय त्याच्या नोंदी बघत होते. त्यांनी शांतपणे फोन उचलून डिचोलीला लावला, स्पीकर चालू केला आणि सहकाऱ्याला माझं नाव घेऊन विचारलं, “ती असा मगे थंयसर?”

मग तो बिचारा मला वाचवायला गेला. “असा असा. आतांच जेवूक गेली.”

“बरां,” भाई म्हणाले. “इली की सांग, तिची चाय हयसर थंड जाता.”

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. “दोनय कडेन एकाच वेळार? देवाकय जमणां नाय गो तां.” त्यांनी पासवर्ड बदलला आणि तो मला एका चिठ्ठीवर लिहून दिला. परत माझ्याच हातात! साहेबांना काही सांगितलं नाही.

पण गोष्ट तिथे संपायची नव्हती. आमची झाकणं घेणाऱ्या औषध कंपनीने तपासणी लावली. यंत्रं, स्वच्छता आणि यावेळी सॉफ्टवेअरचे परवानेही. ते काम गेलं असतं तर एक अख्खी पाळी बंद पडली असती आणि रोज सकाळी सावंतवाडीकडून येणारी माणसं घरी बसली असती. साहेबांनी प्रोग्रामच्या वापराच्या नोंदी मागवल्या. तेच पंधरा दिवस त्यांच्याही नजरेला आले. त्यांनी भाईंना बोलावलं, मलाही.

“भाई, ह्या नोंदी पुसून टाका.”

“पुसूक येतां माका साहेब. पण पुसलां म्हणानय एक नोंद जाता.”

“काम गेलं तर जबाबदार कोण?”

भाईंनी टेबलावरचा नोंदींचा कागद सरळ केला. “विकणाऱ्यांक आपणच कळवूया. आणखी दोन परवाने घेवया. जां झालां तां झालां म्हणान सांगूया.” साहेब तावातावाने खूप बोलले, पण दुसरी वाट नव्हती. नव्या परवान्यांचा करार आला तेव्हा भाईंनी तो साहेबांकडून पानन्पान वाचून घेतला. वीज गेलेली, पंखा बंद. साहेब घाम पुसत मोठ्याने वाचताहेत आणि भाई मान हलवताहेत, हे दृश्य आम्ही दाराच्या फटीतून आळीपाळीने पाहिलं.

तपासणीला आलेल्या बाईंनी ते पंधरा दिवस बरोबर हेरले. “हे एकच नाव दोन ठिकाणी कसं?” त्यांनी भाईंना विचारलं.

भाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “जेचां नाव असा, तां माणूस सांगात,” एवढंच म्हणाले आणि थांबले.

मी उठले. “मी पासवर्ड दिला होता. चूक माझी,” मी म्हटलं. बाईंनी दोन ओळी लिहिल्या, नव्या परवान्यांचे कागद बघितले, आणि शेरा मारून पुढच्या खोलीत गेल्या. काम टिकलं. मला मेमो मिळाला. भाई तो वाचून म्हणाले, “शुद्धलेखन बरां असा.”

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. मग एकदा त्यांचा फोन आला. डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षरं दिसत नाहीत. मुलगा आखातात, बायकोचे गुडघे धरलेले. “म्हापशाक ऑपरेशन असा. फॉर्म वाचूक कोणतरी होयां.”

मी गेले. बाकावर बसून सगळी पानं वाचून दाखवली. चौथ्या पानावर त्यांनी मला थांबवलं. “ही वळ घायन वाचलंस. परत वाच.” शेवटी एक रकाना होता, सोबत आलेल्या व्यक्तीचं नातं. मी लिहिलं, सहकारी. परिचारिका म्हणाली, घरचं माणूस असेल तरच आत बसता येईल.

मी पेन बंद करायला लागले. शेजारून आवाज आला, “खोड तां. ‘मुलगी’ लिव.”

“भाई! तुम्ही सांगताय हे?”

“फॉर्म तूच वाचलंस मगे?” डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे ते माझ्या जरा बाजूला बघून बोलत होते. “तेच्यात ‘रक्ताची’ म्हणान खंय लिवलां?”

मी चारही पानं पुन्हा चाळली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग मी ‘सहकारी’ खोडलं.