‘पोट’ म्हटलं की शाब्बास

"कुठं दुखतं?" सरांनी विचारलं.

कॅज्युअल्टीतल्या टेबलावरच्या मुलीनं सरांच्या ओठांकडे नीट पाहिलं. हात पोटावर ठेवला आणि जाड, सपाट आवाजात म्हणाली, "पोट."

"शाब्बास," तिच्या बाई म्हणाल्या.

सरांनी बाईंकडे असं पाहिलं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंच्या तोंडून ते सवयीनं गेलं होतं. त्यांनी पदर तोंडावर धरला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा वर्ध्याच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होते. मुलीचं नाव वनिता. जन्मापासून बहिरी. घर सिंदीला, पण राहायची वर्ध्यातल्याच मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात. बरोबर आलेल्या देशकर बाई तिच्या वर्गशिक्षिका. सर म्हणजे आमचे सर्जन. त्यांनी पोटावर हात ठेवला, तर पोट फळीसारखं कडक.

"अपेंडिक्स फुटलंय. ऑपरेशन थिएटर तयार करा," सर म्हणाले. "बाई, कधीपासून दुखतंय हिला?"

"ताप कालपासून आहे."

"ताप नाही विचारला मी."

अपेंडिक्स म्हणजे आतड्याला लोंबणारी करंगळीएवढी पिशवी. ती सुजली की आधी बेंबीपाशी दुखतं, मग उजवीकडे खाली. वेळेत काढली तर ऑपरेशन सोपं. फुटली की पू पोटभर पसरतो आणि गाठ जिवाशी येते. त्यात फसवं असं, की फुटल्यावर थोडा वेळ दुखणं उतरतं. सगळ्यांना वाटतं, पोर बरी झाली. वनिताच्या बाबतीत हेच झालं. सकाळी ती शांत झोपली म्हणून वसतिगृहात सगळे निर्धास्त होते.

ऑपरेशन चालू असताना बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी चहा नेऊन दिला. तो तसाच गार झाला.

"सिस्टर, ती बरेच दिवस ‘पोट पोट’ करत होती हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, धडा पाठ झाला."

मग उलगडा झाला. त्या काळी अशा शाळांमधून हातवारे बंद असत. हातानं बोलायची सवय लागली की मूल तोंड उघडत नाही, असा समज होता. मुलं हात मागे बांधून उभी राहायची, बाईंच्या ओठांकडे बघायची आणि आवाज काढायची. अवयवांचा धडा असा: नाकाला हात लाव, ‘नाक’ म्हण, शाब्बास. पोटाला हात लाव, ‘पोट’ म्हण, शाब्बास. ‘दुखतं’ हा शब्द पुढच्या इयत्तेत होता.

"तिचा ‘प’ निघतच नव्हता. ‘बोट’च यायचं," बाई सांगत होत्या. "आणि एकदम स्वच्छ ‘पोट’ आलं. मला इतका आनंद झाला, मी हेडसरांना बोलावून तिला म्हणायला लावलं. तिनं परत परत म्हटलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या."

मी त्यांना काय सांगणार? नर्सला धीर देता येतो म्हणतात. मी नुसता गार झालेला चहा बदलून आणला.

वनिता वाचली. पोटात ड्रेन, म्हणजे पू बाहेर यायची नळी, नाकात नळी, हाताला सलाईन. पॅसेंजरनं तिचे आईवडील आले. आई खाटेशी बसली, तशी पोरीनं तिचं बोट पकडलं, आपल्या कोपराशी नेलं आणि करकचून पिळलं.

"सिस्टरबाई, हिले इथं दुखून राह्यलं," आई म्हणाली.

मी पट्टी उघडून पाहिलं. सलाईनची सुई शिरेतून निसटली होती आणि हात सुजला होता. मी सुई बदलली. पोरीनं बोट सोडलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लहानपणापासून तसंच करते ते. दुखते तिथं माह्यं बोट नेते. जादा दुखलं तं जादा पिळते."

देशकर बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी दांडी घट्ट धरली. "माझंही बोट ओढायची ही," त्या म्हणाल्या. "मी हात सोडवून घेतला. मागे बांधून उभं राहायला लावलं."

आईनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मला त्या दोघींचीही कीव आली, आणि रागही कुणावर काढावा कळेना.

हेडसर भेटायला आले तेव्हा तो मी त्यांच्यावर काढला. म्हटलं, निदान दुखण्यासाठी तरी मुलांना हात वापरू द्या.

"सिस्टर, एकीला सूट दिली की सगळा वर्ग हात हलवायला लागेल."

"मग पुढच्या मुलाला अपेंडिक्स फुटायच्या आधी पाठवा."

याबद्दल आमच्या दवाखान्याच्या मेट्रननी मला चांगलंच झापलं. हेडसर वाईट माणूस नव्हते. दारोदार फिरून त्यांनी शाळा उभी केली होती. मुलांनी चारचौघांसारखं बोलावं एवढीच त्यांची हौस. त्या हौसेपुढे त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी बाई वनिताच्या वडिलांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तिला परत पाठवा, वर्गात तिच्याइतकी हुशार कुणी नाही, आणखी थोडी वर्षं मिळाली तर वाक्यं बोलेल. मीही चार शब्द घातले. वडील शांतपणे ऐकून घेत होते.

"तुमच्यावर राग नाई बाई," ते म्हणाले. "पण लेक आता घरीच राहीन. बोलता नाई आलं तं नाई. मले बोलता येते, तं माह्यं कोण आयकून राह्यलं?"

पुढे बाई सिंदीला जाऊन आल्या. चहा मिळाला, पोरगी मिळाली नाही.

त्यानंतर माझ्या वॉर्डात न बोलणारं मूल आलं की नाव-गाव लिहायच्या आधी मी आईला विचारायची, याला दुखलं की हा काय करतो? प्रत्येक आईकडे उत्तर असायचं. वनिताच्या आईकडेही होतं. शाळेत नाव घालताना तिला ते कुणी विचारलं असतं, तर पोरीचं पोटही वाचलं असतं आणि शाळाही.