वेरोनाच्या वाटचं कडवं

सर्बियातल्या आमच्या प्रॉटेस्टंट स्लोव्हाक गावात मेलेलं माणूस शेवटचं बोलतं ते युडिताच्या तोंडून. अंगणात शवपेटी ठेवतात आणि युडिता रचलेली कडवी म्हणते, मेलेल्याच्या वतीनं, एकेकाचं नाव घेऊन. येते रे पोरांनो, येते गं सूनबाई. कुणी राहता कामा नये. नाव राहिलेली शेजारीण वर्षभर तोंड फिरवून जाते. युडिता विधवा, पोटी मूल नाही. गावाचे निरोप हीच देवानं नेमून दिलेली सेवा, असं ती मानायची.

मारिष्का गेली तेव्हा तिचा मुलगा पाव्हेल आला. "मावशी, माझ्या बहिणीचं नाव नको, वेरोनाचं. कॅथलिक नवरा करून स्लोव्हेनियात जाऊन बसली. आईच्या दुखण्यात फिरकली तरी का?"

युडिताला नाही म्हणता आलं असतं. मारिष्काच्या उशाशी तीच बसली होती, शेवटचं बोलणं तिच्याच कानात होतं. पण पाव्हेल चर्चचा पंच. आणि तिलाही आतून वाटलं, घडू दे पोरीला थोडी अद्दल.

वेरोना ऐन वेळी पोचली, नवऱ्याला घेऊन. पेटीच्या पायाशी उभी राहिली. मुलाचं नाव झालं, सुनेचं झालं, नातवंडांचं झालं, पलीकडच्या शेजारणीचंही झालं. झाकण ठोकायला घेतलं तरी वेरोना युडिताच्या तोंडाकडे बघत होती, अजून काही यायचंय अशी.

माती देऊन सगळे जेवायला बसले. रस्सा वाढला गेला. वेरोनाचा नवरा बोयान अवघडून गेला होता, म्हणून शेजारच्या यानोनं त्याला छेडलं, "काय जावईबापू, आमची भाषा कळते का?"

"अर्धी," बोयान म्हणाला. "तुमचा 'स्लोवो' म्हणजे शब्द. आमच्याकडे 'स्लोवो' म्हणजे निरोप."

"आणि सर्बांच्या शाळेत आम्हाला शिकवलं, 'स्लोवो' म्हणजे अक्षर!"

"मी ट्रक घेऊन बल्गेरियात जातो, तिथं 'स्लोवो' म्हणजे भाषण."

"मग आमच्या पाव्हेलला तिकडंच धाडा. सभेत उठला की बसत नाही!"

सगळे हसले. वेरोना हसली नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "मला आईकडून अक्षर नाही, शब्द नाही, निरोपही नाही."

"दुखण्यात यायला काय झालं होतं?" पाव्हेल गुरकावला.

"कळवलं होतंस?"

पाव्हेलनं ताट पुढे ओढलं. म्हणजे कळवलंच नव्हतं. युडिताच्या हातातला चमचा थांबला. विसरले म्हटलं असतं तर निभावलं असतं. म्हातारी झाली, म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण ही पोर आईनं टाकलं असं समजून परत गेली असती. युडिता उठली.

"एक कडवं राहिलंय."

"काही राहिलं नाही, मावशी. बसा खाली."

"बरोबर आहे, राहिलं नाही. मी गाळलं. तू सांगितलंस आणि मी जाणूनबुजून गाळलं." मग ती वेरोनाकडे वळली. यमक जुळवायचं तिला सुचलंच नाही. "तुझी आई म्हणाली, वेरोनाला सांग, दार नुसतं लोटलंय. कडी लावलेली नाही."

कुणी रश्श्याला हात लावेना. वेरोना बराच वेळ रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "हे आईचंच बोलणं. पण मावशी, पेटी उघडी असताना सांगितलं असतंत तर मी तिला उत्तर दिलं असतं."



पुढे कुणाच्या घरी ती कडवी रचायला गेली की पहिल्यांदा विचारायची, नाव कुणाचं नको? कुणी सांगितलंच, तर त्याच नावापासून सुरुवात करायची. लोक म्हणत, म्हातारी हट्टी झाली. मारिष्काच्या थडग्यापाशी मात्र ती कधी थांबली नाही. मान खाली घालून, प्रार्थना पुटपुटत पुढे जायची.