न बसणाऱ्या आकाराच्या शोधात

"मॅडम, बघा. अख्खं टेबल भरलं, एक फट नाही," राणेकाकू म्हणाल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मी मात्र खचले.

मी पार्ल्याच्या एका कॉलेजात गणित शिकवते. माझं संशोधन आकारांवर आहे. पुठ्ठ्यातून एक आकार कापायचा. मग हुबेहूब तसेच आणखी कापून त्याच्याभोवती कडं करायचं. फट नको, एकावर एक नको. त्याभोवती दुसरं कडं, मग तिसरं. काही आकार असे कायम बसत जातात. काही लगेच अडतात. आम्हाला हवे असतात ते दोन-तीन कडी नीट बसून मग अडणारे. ते फार क्वचित सापडतात. कॉम्प्युटर तपासून देतो, पण तपासायचं काय, ते कोणाला तरी सुचावं लागतं. म्हणून अंधेरीतल्या आमच्या सोसायटीत मी दर रविवारी लोकांना आकार शोधायला बोलावू लागले.

प्रिन्सिपल सरांनी बजावलं होतं, "या टर्ममध्ये रिझल्ट दाखवा, नाहीतर प्रोजेक्ट बंद."

"काकू, आम्हाला अडणारा आकार हवाय," मी परत सांगितलं.

"म्हणजे चुकलेला?"

"चुकलेला नाही. थोडं बसून मग न बसणारा."

"तसलं माझ्या हातून होत नाही, मॅडम. माझी पोळीसुद्धा कधी फाटत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे माणसं कमी होत गेली. मला वाटलं, कंटाळली.

एकदा लिफ्टमध्ये सावंतकाका भेटले. कारखान्यातून रिटायर झालेले. आधी नेमाने यायचे.

"काका, येत का नाही हल्ली?"

ते दाराकडे बघत म्हणाले, "माझा काय जमला नाय गो बाय. तीन फेरे झाले, फुडे काय जाईना. राणेबाईंचा अख्खा टेबल भरता. मी कशाक तोंड दाखवू?"

"तीन? कुठाय तो आकार?"

"बायकोन सकाळीच रद्दीत दिल्यान."

आम्ही तसेच रद्दीच्या दुकानात गेलो. वाटेत काका हळहळले, "एवढे तुकडे कसे गावतले आता?"

"एक पुरे, काका. सगळे सारखेच आहेत ना."

लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली तो एक तुकडा मिळाला. कॉम्प्युटरने सगळ्या शक्यता तपासल्या. तीन कडी बसतात, चौथं कधीच नाही. हा आकार आमच्याकडे नव्हता.

मी प्रिन्सिपल सरांकडे गेले.

"म्हणजे नक्की झालं काय?"

"सर, चौथं कडं बसत नाही, हे सिद्ध झालं."

"हा रिझल्ट?"

"हो, सर."

ते चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. रिपोर्टमध्ये जरा पॉझिटिव्ह लिहा."

प्रोजेक्ट वाचला. माझ्या रिसर्च पेपरमध्ये सावंतकाकांचे आभार छापून आले. ती प्रत त्यांनी बायकोला आधी दाखवली.

लोकांना गणित समजावणं त्या मानाने सोपं आहे. न जमलेलं घेऊन या, हे त्यांच्या गळी उतरवणं कठीण. आता मी पहिल्याच दिवशी सांगते, अडलं तर आणा, बसलं तर घरी ठेवा. तरी बसलेले आकार येतातच. आम्ही टाळ्या वाजवतो आणि परत पाठवतो.