महादेवी काकूंच्या फोनमधले शब्द

"बोलत न्हाय पोरगी, पर खोटं वाचायची न्हाय."

महादेवी काकू आत तव्यापाशी बसून शांताबाईंना सांगत होत्या. मी दाराबाहेर उभी होते. एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती. ती पोरगी म्हणजे मी. आणि तोवर तीन महिने मी त्यांना खोटंच वाचून दाखवत होते.

हे मी कधी लिहिलेलं नाही. बोलले तेही एकदाच. घरी माहीत नाही, ऑफिसात माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय – बघू.

काकू आमच्या गल्लीत पाण्याच्या टाकीला लागून राहतात. माहेर कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कन्नड येतं. मला लाडानं 'अव्वा', म्हणजे आई, म्हणतात. कडक भाकरी करतात. ज्वारीची, कागदासारखी पातळ, तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून वाळवलेली. तयार झालेली प्रत्येक भाकरी कानाजवळ धरून तिचा कोपरा मोडून बघायच्या. कट् असा आवाज आला तरच ती चळतीत जायची, नाहीतर घरात खायला. दारावर पाटी नाही. पाटी लावा की, असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "कशाला? धूर दिसतो की."

पण गिऱ्हाईक लांबलांबचं. पुण्याला, हैदराबादला गेलेली सोलापूरची माणसं फोनवर मेसेज टाकून भाकरी मागवतात. ते मेसेज मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. काकूंना मराठी वाचता येतं, ती अक्षरं येत नाहीत. मी नववीत होते तेव्हा त्यांनी पहिल्यांदा फोन माझ्या हातात दिला, "अव्वा, काय लिवलंय बघ गं." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वाचायचे, त्या सांगतील ते उत्तर टाइप करायचे. मी इंग्लिश शाळेतली. गल्लीत कुणाशी बोलायचे नाही, कारण तोंड उघडलं की पोरी माझ्या मराठीला हसायच्या. काकूंकडे बोलावं लागायचं नाही. समोर लिहिलेलं नुसतं वाचायचं. शांताबाई – त्यांच्याकडे भाकऱ्या थापायला येतात – एकदा म्हणाल्या होत्या, "इंग्लिश शाळेत बोलायची फी येगळी असती काय गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या घरात हसलं तरी लागायचं नाही.

हे एवढं का सांगतेय? कदाचित पुढचं लांबवायला.

गेल्या वर्षी मला वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम लागलं. माझं काम कीवर्ड शोधण्याचं. म्हणजे लोक इंटरनेटवर एखादी गोष्ट शोधताना नेमके कोणते शब्द टाइप करतात ते काढायचे, आणि नव्या वेबसाइटवर तेच शब्द बसवायचे, म्हणजे शोधणाऱ्याला आधी आपलं पान दिसतं. न बोलणाऱ्या माणसाला याहून चांगलं काम नाही. लोकांच्या मनातलं त्यांना न विचारता ऐकायचं.

मग एक नवी कंपनी आली. शहराबाहेर शेड, भाकरी दाबायचं मशीन, वाळवायला ओव्हन. त्यांना कडक भाकरी आणि शेंगा चटणी ऑनलाइन विकायची होती. मी 'सोलापूर कडक भाकरी' आणि तसले शब्द काढून दिले. सर म्हणाले, हे तर सगळ्यांकडेच आहेत, यावर आपण कधी वर येणार? घरची आठवण आलेला माणूस काय टाइप करतो ते आण. आमचं सॉफ्टवेअर अशा क्वचितच शोधल्या जाणाऱ्या शब्दांपुढे आकड्याऐवजी नुसती रेघ दाखवतं. चार दिवस मी त्या रेघांकडे बघत बसले. मीटिंगमध्ये सर मला सोडून पुढच्याला विचारायला लागले.

आणि मला ते शब्द कुठे आहेत हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार दिवस मी शोधत नव्हते – स्वतःला थांबवत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखी काकूंकडे गेले. मेसेज वाचले, उत्तरं लिहिली. काकू माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. तेवढ्यात मी जुने मेसेज वर सरकवत गेले आणि माझ्या फोननं त्या स्क्रीनचे फोटो काढत गेले. 'टाकीजवळची भाकरी'. 'महादेवी काकूंची कडक भाकरी'. 'आई न्यायची ती सोलापूरची भाकरी'. वर्षानुवर्षांची माणसं. काकूंनी चहाबरोबर चटणी लावलेला भाकरीचा तुकडा दिला. तो मी खाल्ला.

नव्या वेबसाइटवर पानाचं नाव आलं – 'टाकीजवळच्या महादेवी काकूंच्या चवीची कडक भाकरी'. 'चवीची' हा शब्द मी घातला. खोटं ठरू नये म्हणून. किती हुशारी, नाही? दोन महिन्यांत काकूंचं नाव टाकलं की पहिलं ते पान यायला लागलं. सरांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, गप्प माणसंच खरं काम करतात. मला आवडलं. इतकं आवडलं की त्या दिवशी मी घरी चालत आले.

इथवरचं एखादा माफ करेल. धंद्यात असं चालतं म्हणेल. पण मला सांगायचंय ते हे नाही.

एका संध्याकाळी मेसेज आला. कुणा ताईंचा होता, पुण्याहून. लिहिलं होतं – काकू, या वेळच्या भाकरी वातड निघाल्या, तुमच्या हातच्या वाटल्याच नाहीत. त्यांनी मागवल्या होत्या वेबसाइटवरून. त्यांना वाटलं काकूंनीच वेबसाइट काढली. आणि काकूंचा नंबर त्यांच्याकडे जुना होताच.

काकू समोर बसून पिठाचे हात पुसत होत्या. "काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, पत्ता विचारतायत.

इतकं सोपं होतं ते. पत्ता विचारतायत. काकूंनी पत्ता सांगितला, टाकीची खूण सांगितली, रिक्षावाल्याला काय म्हणायचं तेही सांगितलं. मी मान हलवत टाइप करत होते. टाइप केलं ते असं – माफ करा ताई, या वेळी हात चुकला, पुन्हा असं होणार नाही. खाली त्यांचं नाव घातलं. महादेवी काकू.

कळलं ना तुम्हाला? ज्या भाकरीला काकूंचा हातही लागला नव्हता, तिच्याबद्दल मी काकूंच्या नावानं चूक कबूल केली. गप्प बसले असते तरी त्या ताईंनी कधीतरी फोन केला असता आणि सगळं उघडं पडलं असतं. ते पडू नये म्हणून. असे मेसेज येत राहिले. मी प्रत्येकाला माफी पाठवली आणि काकूंना काहीतरी गोड वाचून दाखवलं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणी आठवण काढलीय. काकू खूश व्हायच्या. मग विचारायच्या, "आन् भाकरी किती पाठवू म्हणत्यात?" मी म्हणायचे, नंतर कळवतील.

मग बार्शीचे एक जुने मास्तर स्वतःच दारात आले. दर उन्हाळ्यात यायचे. भाकरी घेतली नाही. म्हणाले, बाई, राग मानू नका, पण मुलानं मागवलेली तुमची भाकरी खाल्ली, आता तुमचा हात राहिला नाही. चहा न घेताच गेले.

काकूंनी त्यांना काही विचारलं नाही. उलट उत्तर द्यायची सवयच नाही त्यांना. दुसऱ्या दिवसापासून ज्वारी बदलली. मग तवा बदलला. निखाऱ्याजवळ दुप्पट वेळ ठेवून बघितलं. भाकरी कानाजवळ धरून मोडायच्या, आवाज यायचा – मलासुद्धा दारापर्यंत ऐकू यायचा – तरी बाजूला टाकायच्या. एकदा शांताबाईंच्या कानाजवळ धरली. "आवाज येतो काय गं? का मलाच येत न्हाय आता?" चाळीस वर्षं भाकरी केलेली बाई हे विचारत होती. मी तिथेच होते. फोन माझ्या हातात होता.

त्याही दिवशी मी काहीतरी गोडच वाचून दाखवलं.

आणि मग ती संध्याकाळ, एक चप्पल काढलेली. शांताबाई आत म्हणत होत्या, "फोनात लोकं काय लिवत्यात ते दुसऱ्या कुणाला तरी दाखवा की एकदा. मला ते काय बरं वाटंना." त्यावर काकूंचं ते वाक्य.

परत जाता आलं असतं. शांताबाईंनी मला बघितलं म्हणून आत गेले, हेही सांगून टाकते. त्यांनी बघितलं नसतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही. माहीत आहे, खरं तर.

काकूंनी नेहमीसारखा फोन पुढे केला. "आली बघ. बस. वाच की, अव्वा." नवा मेसेज होता, हैदराबादचा. मी तो मनात एकदा वाचला. मग मोठ्यानं, जसा होता तसा वाचला – काकू, दोनदा मागवल्या, दोन्ही वेळा वातड. मागच्या वेळी तुम्ही माफी मागितली म्हणून परत मागवल्या. आता नको.

शांताबाईंचा थापता हात थांबला. काकू फोनकडे बघत राहिल्या, त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे.

"पर ह्यांस्नी तर मी भाकरी पाठवलीच न्हाय," त्या हळू म्हणाल्या. "आन् माफी कुणी मागितली?"

माझा आवाज लहान आहे. शाळेतही मागच्या बाकापर्यंत जायचा नाही. त्या दिवशी तो शांताबाईंपर्यंत गेला.

"मी मागितली, काकू. आणि ज्यांनी पाठवली, त्यांना तुमचं नाव मीच दिलं."